पाटी लावली तेव्हा आम्ही टॉवेल घेतले

नेकनूरच्या अलीकडे आमच्या रानात जाणारा रस्ता चार घरांचा आहे. चौघांनी बांधालगतची थोडी थोडी जमीन सोडली, मुरूम टाकला, रस्ता झाला. कागद कुणी केला नाही. सगळ्यात शेवटी माझ्या चुलतीचं रान. चुलता वारल्यापासून ती एकटीच ते कसते. तिला दुसरी वाट नाही.

चौघांपैकी डांबरी सडकेला लागून ज्या बागायतदाराचं रान आहे, त्याने मागच्या वर्षी तिथं लोखंडी पाटी उभी केली. वर त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावाचा मार्ग, खाली ‘खासगी रस्ता’. मी तेव्हा गावोगाव चळवळीची पत्रकं वाटत फिरायचो. लगेच मजकूर लिहिला : जमीन चौघांची, नाव एकाचंच का? तो छापून येण्याआधी अनावरणाचं बोलावणं आलं.

चुलती म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या नावानं कार्यक्रम हाय. न्हाई कसं म्हणावं?"

कार्यक्रमात आलेल्या सगळ्यांचा सत्कार झाला. आमच्याकडे सत्कार नाकारत नाहीत. पुरुषांना टोपी-टॉवेल, चुलतीला साडी-नारळ. मी चिडलेलो होतो, तरी खांदा पुढे केलाच. पाटीखाली सगळ्यांचा फोटो निघाला.

दिवाळीनंतर चुलतीच्या उसाला तोडणीची टोळी ट्रॉली घेऊन आली. बागायतदाराने ट्रॉली पाटीपाशीच अडवली.

"काकू, रस्ता खासगी हाय. इचारून जायचं."

"कुणाला इचारू? माझी बी जमीन हाय त्यात."

"मग पाटी लावली तवा कावून न्हाई बोललात? साडी तर लई हसत घेतली."

टोळी दुसऱ्याच्या फडात गेली. तिच्या उभ्या उसाला तुरे आले, वजन घटू लागलं. तहसीलमध्ये आम्ही अर्ज दिला, तर त्याने तोच फोटो पुढे केला. सत्कार घेतला म्हणजे रस्ता माझा हे मान्य केलं, असं त्याचं म्हणणं. फोटोत मीही होतो, टॉवेलासकट.

तहसीलदारांनी चुलतीला विचारलं, ह्या तुम्हीच का?

"मीच हाय साहेब. साडी घेतली. रस्ता दिला न्हाई."

जागेची पाहणी झाली. गाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या थेट तिच्या फडापर्यंत होत्या. रस्ता अडवू नये, असा आदेश निघाला. पाटीबद्दल त्यात एक शब्द नाही.

ऊस कारखान्याला गेल्यावर मी नवं पत्रक घेऊन तिच्याकडे गेलो. पाटी उतरवा, एवढीच मागणी. खाली तिची सही हवी होती.

"लोखंडावर काय बी लिहू दे त्याला," ती म्हणाली. "माझी ट्रॉली गेली."

"उद्या परत अडवील, काकू."

"अडवील तवा ये."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण सही मी पुन्हा मागितली नाही.