एकशे आठ फुलांचा नवस

माझी मुलगी सहा महिन्यांची होत आली होती आणि तिला हात लावायची मला बंदी होती. दूध पाजायचं, पण दोन्ही हात मनगटापर्यंत जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी गुंडाळून, आणि तिचं पोट भरलं की लगेच सासूबाईंच्या मांडीवर द्यायचं. न्हाऊ-माखू त्याच घालत, काजळ त्याच लावत. मी चौकटीला टेकून बघत बसायचे. सत्तर सालानंतरची ही गोष्ट आहे. आम्ही नागपुरात महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि हे सदरला एका कचेरीत कारकून होते. कुणाला वाटेल सासू खाष्ट होती. तसं नव्हतं. त्या भ्यायल्या होत्या, आणि त्यांच्याहून जास्त मी भ्यायले होते.

हातांचं दुखणं बोटांच्या टोकांपासून सुरू झालं. आधी खाज, मग बारीक पाण्याचे फोड, मग सालं निघून भेगा. भेगांतून लस यायची, रक्त यायचं, आणि मिठाच्या पाण्याला हात लागला की ब्रह्मांड आठवायचं. कणीक मळता येईना, लुगडं पिळता येईना. शेजारच्या बायका आधी काळजीने विचारायच्या, पुढे विचारेनाशा झाल्या, आणि मग हळदीकुंकवाचं बोलावणंही येईना. सासूबाईंच्या सख्ख्या भावाला महारोग झाला होता. त्याला गावाबाहेर खोपटात ठेवलं होतं, आणि लहानपणी त्या दुरून त्याचं ताट ठेवून परत यायच्या. धंतोलीच्या डॉक्टरांनी माझ्या हाताला टाचणी टोचली, कापूस फिरवला आणि हा महारोग नाही, इसब आहे, असं स्वच्छ सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माह्या भावालेही पहिल्यांदा असंच सांगतलं होतं."

उपाय म्हणाल तर काही बाकी ठेवला नव्हता. डॉक्टरांचं मलम लावलं की आठ दिवस बरं वाटायचं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. मग कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यात हात बुडवून बसले, करंजाचं तेल झालं, खोबरेलात गंधक खलून झाला, मुलतानी मातीचे लेप झाले. एका वैद्यांनी तीन महिने अळणी खायला लावलं, वर असा कडू काढा दिला की त्याची वाटी दिसली तरी मला उमळून यायचं. प्रत्येकाने खोदून खोदून विचारलं. साबण कोणता, भांडी कोण घासतं, वांगं खाता का, माहेरी कुणाला होतं का? मी सगळ्याची उत्तरं दिली. एकच गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण ती आजाराची आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

ती गोष्ट म्हणजे माझा नवस. या मुलीच्या आधी माझी दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात जाऊन पदर पसरला आणि म्हटलं, देवा, हे लेकरू जगू दे, ते वर्षाचं होईपर्यंत मी रोज एकशे आठ फुलांचा हार माझ्या स्वतःच्या हाताने गुंफून तुला घालीन. त्याच दिवसापासून सुरुवात केली. पौषाचे दिवस होते, शेवंती मुबलक. घरात सगळ्यांना वाटे, हिला हारांची हौस आहे. नवस बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, असं माझ्या आईने मला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं होतं, नवऱ्यापाशीसुद्धा.

हात जितके चिघळत गेले तितकी मी नवसाला घट्ट धरत गेले. मनात सारखं यायचं, माझ्याकडून काही चुकतंय, एखादं फूल कमी पडतंय, म्हणून देव परीक्षा बघतोय. मी फुलं दोनदा मोजायला लागले. बाळंतपणाचे चाळीस दिवस नेम राहिला होता, त्याचीही धास्ती होती. आणि माझा शहाणपणा बघा! देवाच्या गळ्यातून उतरलेला हार मी घरी आणून त्याचं निर्माल्य पाण्यात उकळायचे आणि त्या पाण्यात हात बुडवून बसायचे. देवाच्या अंगावरचं फूल, त्याच्याहून मोठं औषध ते कोणतं? आग व्हायची तेव्हा वाटायचं, रोग जळतोय. दिवाळीनंतर मी मुलीच्याही उशाशी रोज निर्माल्याची दोन फुलं ठेवू लागले.

मार्गशीर्षात माझ्या लेकीच्या, चिमीच्या गालावर आणि मानेवर लालसर पुरळ उठलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी ह्यांच्याकडून वर्ध्याला माझ्या नणंदेला पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं की संक्रांतीला ताई येतील, चिमीचं बोरन्हाण करतील आणि मी बरी होईपर्यंत तिला वर्ध्याला घेऊन जातील. बरी होईपर्यंत! दहा वैद्य-डॉक्टर झाले होते. माझं दूध आटेल, मुलगी ताईंना आई म्हणू लागेल, आणि मी इथे हात गुंडाळून बसेन. ह्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं आणि चष्मा पुसत बसले. मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

संक्रांतीला तीन आठवडे राहिले असताना कुणीतरी कुहीच्या एका वैद्याचं नाव सांगितलं. म्हातारबुवा फक्त मंगळवारी झाडपाल्याचं औषध देतात, जुनाट इसब मुळापासून काढतात. ह्यांना रजा मिळेना, म्हणून मी एकटीच पहाटेच्या एस.टी.ने निघाले. हार तर चुकवायचा नव्हता. पिशवीत शेवंती, सुई आणि दोरा घेतला, आणि बसमध्येच पट्ट्या सोडून गुंफायला बसले. संध्याकाळी परतले की देवळात घालता येईल, असा हिशेब.

शेजारी एक माळीण बसली होती. बाजारात फुलं पोचवून रिकाम्या टोपल्या घेऊन गावी परत चालली होती. बराच वेळ ती माझ्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, आता ही उठून दुसरीकडे बसणार. तर ती जवळ सरकली.

"कवापासून गुंफून राहिली वं बाई?"

"वर्ष होत आलं."

"अन् हात कवापासून असे?"

"वर्षच."

"उनायात बरे झाले होते ना? मोगऱ्याच्या दिवसात?"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. उन्हाळ्यात खरंच हात स्वच्छ झाले होते. त्याचं श्रेय मी कडुलिंबाला दिलं होतं. उन्हाळ्यात शेवंती नसते म्हणून मी मोगऱ्याचे हार करत होते, आणि दसऱ्याच्या सुमारास झेंडू सुरू झाला तसे हात पुन्हा उलले होते. ती म्हणाली, "शेवंती कोणाकोणाले सोसत नाही, बाई. झेंडूही नाही. आमच्या सुनेचे असेच झाले होते. फुलाले हात नोको लावू, बाकी काही नाही तुले."

खरं तर मी तिच्या पाया पडायला हवं होतं. पण मला संतापच आला. देवाच्या फुलाने कधी कुणाचं वाईट होतं का, असं काहीतरी तोडून बोलले आणि खिडकीकडे तोंड केलं.

कुहीला वैद्यांच्या दाराला कुलूप होतं. बहिणीच्या घरी मयत झाली म्हणून ते भंडाऱ्याकडे गेले होते, तेरावं झाल्याशिवाय येणार नव्हते. म्हणजे संक्रांतीच्या आत फार तर एक मंगळवार, तोही मिळाला तर. मी त्यांच्या ओट्यावर बसून भर सकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोठ्याने रडले. देवाला नाही नाही ते बोलले. म्हटलं, फुलं मोजून घेतोस आणि दार बंद करून बसतोस!

ती माळीण तिथून जवळच राहत होती. तीच आली. "चाल वं माय, च्या तर पेशील," म्हणाली आणि मला दंडाला धरून घेऊन गेली. घरामागच्या तुकड्यात शेवंती फुललेली होती आणि बायका तोडत होत्या. तिची सून मात्र लांब, वांग्याच्या वाफ्यात होती. माळणीने तिला हाक मारली आणि तिचे दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. स्वच्छ होते. बोटांच्या पेरांवर तेवढे जुने फिकट डाग होते, अगदी माझ्या फोडांच्या जागी. मग तिने कोमट पाण्याने माझे हात धुतले, फडक्याने टिपले आणि खोबऱ्याचं तेल लावलं. तेलात काही पाला नव्हता, मंत्र नव्हता. कित्येक महिन्यांत माझ्या हातांना उघड्या हाताने दुसऱ्या कुणी स्पर्श केला नव्हता. मला हुंदका आवरेना, आणि आईची शिकवण मोडून मी तिला सगळा नवस सांगून टाकला. चिमीच्या उशाशी ठेवलेली फुलंसुद्धा सांगितली.

"अवं बाप्पा! लेकराच्या उशाशी?" तिने कपाळावर हात मारला. "आज गेल्या गेल्या काढ पहिले."

"पण नवस मोडला तर? ती वर्षाची व्हायला अजून सहा महिने आहेत."

"मोडते काहून? मी घालतो ना तुह्या नावानं. आमच्या मारोतीले रोज एक हार. तुह्या दत्ताले तू तुळशीचं पान वाह."

"पण मी माझ्या हाताने म्हटलं होतं."

"तुह्या हाताचं त्याले काय काम हाय? लेकराले हाय."

घरी येऊन मी आधी पाळण्यातली फुलं काढली, आणि मग सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मले तरी सांगायचं होतं वं. म्या गुंफले असते." मला हे कधी सुचलंच नव्हतं. नवस माझा, हात माझे, पोर माझी, असंच मी वर्षभर धरून बसले होते.

पण शहाणपण ऐकलं म्हणून भीती जाते थोडीच! मी रोज तुळशीचं एक पान वाहायचे आणि देवाच्या तोंडाकडे बघायची हिंमत व्हायची नाही. पाचव्या दिवशी चिमीला ताप भरला. अंग चटके बसावेत असं तापलं. माझ्या मनाने लगेच निकाल दिला: हा नवस मोडल्याचा ताप. मी उठून फडताळातली सुई काढली आणि फुलं आणायला पायात चपला घातल्या. दारातच पाय थबकले. हात धुताना त्या बाईने माझी बोटं एकेक करून कशी उघडली होती ते आठवलं. सुई परत ठेवली आणि पाळण्याजवळ बसून म्हटलं, देवा, आता मोजणं माझ्याने होत नाही. तुला हवं ते कर, ही तुझीच आहे. तेवढंच म्हणता आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, आणि तिच्या खालच्या हिरडीवर पहिला दात टोचला. सासूबाई हसल्या. मी हसू का रडू, मला कळेना.

तिच्या गालावरचं पुरळ तोवर मावळलं होतं. माझ्या भेगा हळूहळू भरल्या. संक्रांतीच्या दोन दिवस आधी ताई वर्ध्याहून आल्या, रिकामी पेटी घेऊन, चिमीच्या कपड्यांसाठी. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि आईकडे पाहिलं. सासूबाईंनी चुलीवरून कोमट तेलाची वाटी उतरवली, चिमीला उघडी करून पाटाजवळ आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आज तू चोळ तिले," म्हणाल्या.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा मी माझ्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. कातडी अजून खरखरीत होती, चिमीने अंग चोरलं, मग खुदकन हसली. ताई पेटी रिकामीच घेऊन गेल्या, आणि जाताना त्यांनाही बरंच वाटलं असावं.

आषाढात चिमी वर्षाची झाली. तिला कडेवर घेऊन मी कुहीला गेले, दत्तापुढचा नारळ आणि माळणीसाठी लुगडं घेऊन. ती मारोतीच्या पारावर बसून कण्हेरीचा हार गुंफत होती. मी पाया पडले आणि विचारलं, "सहा महिने रोज घातला?"

"रोज कुठचा वं! धानाची रोवणी होती, दोन-चार दिवस राहिलेच. मारोतीले म्हटलं, आज नाही जमलं, राहू दे."

एकेक फूल दोनदा मोजणारी मी! "मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग का? तो काही नाही बोलला." तिने चिमीला पारावर उभं केलं. "पाह्य ना, पोट्टी कशी उभी राहिली."

चिमी एका हाताने तिचा पदर आणि दुसऱ्या हाताने माझं बोट धरून उभी होती. मी पारावर टेकले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभर मी ज्याच्यापुढे थरथर कापत फुलं मोजत होते, त्याने कधी मोजलीच नव्हती. त्याला माझ्याकडून काही घ्यायचं नव्हतं, द्यायचं होतं. माझेच हात गुंतलेले होते. आता मुलगी कॉलेजात जाते. मी रोज तुळशीचं एक पान वाहते, आणि एखाद्या दिवशी राहिलं तर हात जोडून सांगते, आज नाही जमलं, राहू दे.