गुप्तेसरांनी वाटलेल्या सीडी

कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही मागे दाटीवाटीने बसलो होतो. माझ्यासमोरच्या गृहस्थांच्या मांडीवर एक गोल, पारदर्शक डबा होता आणि प्रत्येक खड्ड्याला ते तो दोन्ही हातांनी सावरत होते. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना शेवटी राहवेना.

"काय हाय रं त्यात? पापड?"

"नाय मावशी, सीडी हायेत. वाटायच्या हायेत."

"फुकट?"

"फुकट."

"मंग मला नाय द्यायची?"

त्यांनी झाकण उघडून एक सीडी दिली. बाईंनी तिच्यात तोंड पाहिले, कपाळावरचे कुंकू सारखे केले आणि ती पिशवीत टाकली. मी थक्कच झाले. "अहो, ती कशाची आहे ते तरी सांगा त्यांना!" मी म्हणाले. ते हसले. "सांगितलं असतं. पण त्यांना हवं ते त्यांना मिळालंय."

हे आपले रघुवीर गुप्तेसर. त्या जीपमधल्या पहिल्या भेटीला आता वीसेक वर्षे झाली. सरांनी पंच्याहत्तरी गाठली, सत्कार समितीने मला हा गौरवलेख लिहायला सांगितला, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याकडून धक्के खाण्याची माझी सवय काही सुटलेली नाही.

कर्जतच्या बाजारात सरांचा टायपिंगचा क्लास होता. पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले. मी तेव्हा लोधिवलीच्या बाजूच्या एका शाळेत शिकवत होते. कुणीतरी दान दिलेले जुने संगणक आमच्याकडे धूळ खात पडले होते, कारण ते चालवायला लागणारे सॉफ्टवेअर विकत घेणे शाळेला परवडत नव्हते. सरांना ते कळले आणि एका शनिवारी ते आपण होऊन आले. त्यांनी लिनक्स नावाच्या सॉफ्टवेअरची सीडी घातली, दुपारपर्यंत सगळे संगणक सुरू केले आणि सीडी माझ्या हातात ठेवली.

"टीचर, हिच्या कॉप्या काढा आणि खालापूरच्या शाळेला द्या."

मी कॉन्व्हेंटात शिकलेले. आमच्याकडे कॉपी करताना सापडलेल्या मुलीला वर्गाबाहेर गुडघ्यांवर बसवत. एक मोठा, सभ्य माणूस दिवसाढवळ्या, मुलांसमोर मला कॉपी करायला सांगत होता! "सर, हे चोरीचं तर नाही ना?" मी विचारलेच.

सर रागावले नाहीत. ते बाकावर बसले आणि त्यांनी समजावले, की हे ज्यांनी बनवले त्यांनीच लिहून ठेवले आहे: वापरा, उघडून बघा, हवे तसे बदला आणि दुसऱ्याला द्या. "स्वतःजवळ ठेवून बसलात तर मात्र मला वाईट वाटेल. तुमच्या सिस्टर भेटल्याच, तर खुशाल माझं नाव सांगा."

सरांच्या कामाची एक पद्धत होती. यंत्रावर सीडी लिहून, म्हणजे तिच्यात सॉफ्टवेअर भरून, झाली की ती ते लगेच देत नसत. क्लासमधल्या जुन्या संगणकात घालून तिच्यावरून सगळे सॉफ्टवेअर पहिल्यापासून शेवटपर्यंत चढवून बघत. ते नीट चढले, तरच पेनने सीडीवर त्या सॉफ्टवेअरचे नाव लिहीत. नाव असलेली सीडी म्हणजे तपासलेली सीडी. तेवढ्यासाठी कशेळ्याच्या जीपा त्यांनी किती वेळा सोडल्या असतील!

कशेळ्याच्या भोईर गुरुजींची दसऱ्याची हकिगत त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहिते. गुरुजींनी पाटीपुस्तकांबरोबर सीडीही पूजेला मांडल्या. चकचकीत बाजू वर! प्रत्येकीवर हळदकुंकू, गंध, वर चिकटलेल्या अक्षता. दसऱ्यानंतर शाळा उघडली तेव्हा मी सरांबरोबर होते. एकही सीडी चालेना. सरांनी ओला कापूस घेतला आणि मधून कडेकडे हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली.

"गुरुजी, देव नाव लिहिलेल्या बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर."

"आमी म्हनलो, चमकते ती देवाची बाजू," गुरुजी ओशाळून म्हणाले.

त्यानंतर सरांच्या प्रत्येक संचात एक बिघडलेली सीडी जास्तीची येऊ लागली. तिच्यावर लिहिलेले असे: 'पूजेसाठी'.

माझ्या घरची एक गोष्टही सांगायला हवी. माझे यजमान गेल्यानंतर आठवडाभरातच त्यांचा संगणक बंद पडला. आमच्या सगळ्या सहलींचे फोटो त्यात होते. दुकानदाराने सरळ सांगितले, सगळे पुसून नवीन टाकावे लागेल. मी रडत सरांना फोन केला. ते आले, संगणकातल्या कशालाही हात न लावता त्यांनी तो नुसत्या सीडीवरून सुरू केला, आणि पडद्यावर आमचे हे माथेरानच्या बाकावर बसून हसताना दिसले. सरांनी फोटोंचे दोन संच करून दिले. "एक तुमच्याकडे, एक लेकीकडे. दोन्ही एका घरात ठेवू नका." चहासुद्धा न घेता ते निघाले, कारण मला एकटीला ते फोटो बघायचे असतील, हे त्यांना कळले होते.

आणि गेल्या महिन्यात सकाळीच त्यांचा फोन आला. "टीचर, सीडीचं काम मी थांबवतोय."

कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमध्ये आजही नेट पोचत नाही, आणि तिथले जुने संगणक सीडीशिवाय कशावरूनही सुरू होत नाहीत. तिथल्या एका शाळेचे मास्तर जीप बदलत सरांकडे आले होते. "सर, ही कोरी हाय," एवढेच ते म्हणाले. सीडीवर सरांच्या हातचे नाव होते, आत काहीच नव्हते. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे; शस्त्रक्रिया आता ठरली आहे. नाव लिहिताना कोऱ्या आणि तपासलेल्या सीडींच्या चळतींत त्यांची गल्लत झाली. "मी नाव घालून कोरी सीडी दिली हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग मीच हट्ट धरला. सर थांबतील, पण वरच्या शाळांचे संगणक बंद पडता कामा नयेत. सर म्हणाले, "तुमचा गौरवलेख सगळे वाचतील ना? मग कुणाला काय द्यायचं ते त्यातच लिहा."

सर, तुमची शस्त्रक्रिया सुखरूप होवो, नजर लख्ख होवो, आणि शंभरी ओलांडेपर्यंत तुम्ही आमच्या चुका काढत राहा. आता तुम्ही सांगितले तसे:

सीडी लिहिण्याचे यंत्र आणि कोऱ्या सीडी भोईर गुरुजींना. वरच्या वाड्यांच्या जीपा त्यांच्या दारावरून जातात. मूळ सीडींचा एक संच कडावच्या वाचनालयाला, दुसरा लोधिवलीच्या शाळेला. क्लासमधली टेबले ज्या शाळेला लागतील तिने न्यावीत. समितीने शाल आणू नये. त्याऐवजी वरच्या शाळांना सीडी ठेवायला कपाट द्यावे.

तपासणीचा संगणक आणि नाव लिहायचे पेन मला. "सर, मला यातलं काय येतं?" मी विचारले. "येण्याचा प्रश्न नाही, टीचर," सर म्हणाले. "शेवटपर्यंत चढेस्तोवर खुर्चीवरून उठायचं नाही, एवढंच."