केस राहिले, बोटं गेली

"बायोप्सीत कॅन्सर आलाय," ठाण्याच्या नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले. मी पहिला प्रश्न विचारला तो केस जातील का हा. आता त्याचं मलाच हसू येतं.

बायोप्सी म्हणजे आतड्यातला छोटा तुकडा काढून तपासतात ती तपासणी. शौचातून रक्त पडत होतं, त्याला आम्ही राहतो त्या दिवा गावातले डॉक्टर मूळव्याध म्हणत होते. मी घरी ब्लाऊज शिवते. दिवसभर मशीनवर बसून होतं असं, अशी मीही मनाची समजूत घालून घेतलेली.

ऑपरेशन ठाण्यात झालं. कॅन्सरचा भाग काढला, पण जवळच्या गाठींमध्येही तो पोचलेला, म्हणून किमो लागणार होती. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एक औषध आणि घरी गोळ्या.

तयारी आम्ही जोरात केली. दात तपासून घेतले, रक्ताच्या चाचण्या झाल्या. छातीत कातडीखाली केमोपोर्ट बसवला. ती एक लहानशी डबी असते, तिच्यातून औषध देतात, म्हणजे दर वेळी हातात शीर शोधायला नको. मुलीनं, सोनालीनं, माझ्यासाठी दोन सुती स्कार्फ आणले. सगळी तयारी केसांची आणि उलट्यांची.

पहिल्या किमोला सिस्टर सलाईन लावता लावता म्हणाली, "थंड टाळायचं हं." आम्हाला वाटलं, आईस्क्रीम, कोल्ड्रिंक. ते मी तसंही खात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आमच्याकडे पाणी येतं तेव्हाच भरून ठेवावं लागतं. बादलीत हात घातला आणि करंट बसल्यासारखं झालं. मी बादली सोडून दिली. मग घाबरून माठातलं पाणी प्यायले, तर घसा आवळला. श्वास अडकला असंच वाटलं.

"अहो, मला श्वास येत नाहीये!" मी ओरडले.

मिस्टरांना वाटलं हार्ट अटॅक. रिक्षानं तसेच हॉस्पिटलला निघालो. मुंब्र्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा हे रिक्षावाल्यावर उगाचच ओरडत होते आणि मी गळा धरून बसलेली.

तिथल्या तरुण डॉक्टरनं ऑक्सिजन तपासला, ईसीजी काढला. मग म्हणाला, "हे नॉर्मल आहे. या औषधानं नसा थंडीला सेन्सिटिव्ह होतात. श्वास बंद होत नाही, तसं फक्त वाटतं. थंड टाळा सांगितलेलं ना?"

"पाण्याला हात लावायचा नाही असं सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. तो दुसऱ्या पेशंटकडे गेलेला.

मग मी पाणी कोमट करून प्यायला लागले. फ्रिज उघडणं सोनालीकडे दिलं, भांडी घासायला रबरी हातमोजे आणले. आठवड्याभरात करंट कमी व्हायचा, तोवर पुढची किमो यायची.

केस मात्र गेले नाहीत, थोडे विरळ झाले इतकंच. त्यामुळे मी आजारी आहे हे कुणाला पटेना. नणंद कल्याणहून भेटायला आली. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "वहिनी, तू तर किमोवाली वाटतच नाहीस गं! केस आहेत, उलट्या नाहीत. नशीबवान आहेस." बुद्धविहारातल्या बायका म्हणाल्या, पॉझिटिव्ह राहा. मला त्या शब्दाचा इतका राग यायला लागला की कुणी बेल वाजवली तरी दार उघडावंसं वाटेना.

कारण तोवर बोटं बधिर व्हायला लागलेली. आता थंडी नसतानाही. सुईत दोरा ओवता येईना. सुई चिमटीत आहे की पडली, हे बघूनच कळायचं. एका गिऱ्हाइकाच्या क्रीम रंगाच्या ब्लाऊजवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा कळलं की सुई बोटात घुसलीय.

ओपीडीत तासन् तास बसायचं आणि आत प्रश्न तेच. उलटी? जुलाब? ताप? तोंड आलंय? नाही, नाही, नाही. "छान. कशा आहात?" "ठीक." पुढचा पेशंट.

चौथ्या किमोच्या आधी मी घरी सांगून टाकलं, "मला नाही करायची ही किमो."

हे म्हणाले, "अगं, असं अर्ध्यावर सोडतात का?"

सोनाली म्हणाली, "मम्मी, नको म्हण, पण डॉक्टरांसमोर म्हण. का नको ते सांग."

म्हणून गेले. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. मी थांबवलं त्यांना. "डॉक्टर, मला माझ्या ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत. मुलगी लावते. मी शिवणकाम करते आणि मला सुई कळत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. डोळे मिटायला सांगून माझ्या बोटांना कापूस लावला. डाव्या हाताला कधी लावला ते मला कळलंच नाही.

"ही पेरिफेरल न्यूरोपॅथी आहे," ते म्हणाले. "औषधानं हातापायांच्या टोकांच्या नसांना इजा होते. आणखी वाढली तर कायमची राहू शकते. आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाही."

त्यांनी माझी फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, "विचारायला हवं होतं. सलाईनचं औषध आता थांबवू. गोळ्या चालू ठेवू. ट्रीटमेंट सोडायची गरज नाही."

इतकं सोपं होतं ते. बाहेर येऊन मी रडले, आनंदानं नाही, संतापानं.

गोळ्या पूर्ण झाल्या. तळपायांची सालं निघाली, तेही सोसलं. स्कॅन स्वच्छ आला. उजवा हात बराचसा परत आलाय, डाव्याच्या बोटांची टोकं अजून जाड वाटतात. मशीन चालवते, हातशिलाई दुसरीकडे देते. मी जिवंत आहे ती त्याच डॉक्टरांमुळे, हे मी विसरत नाही. रागही विसरत नाही. दोन्ही माझ्यापाशी आहेत.

तुमच्यापैकी कुणाची किमो सुरू होणार असेल तर एवढंच सांगते. सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही. जे होतंय ते डॉक्टरांच्या प्रश्नांत नसेल, तरी सांगा. घरातलं कोणतं काम अडलंय ते सांगा, म्हणजे त्यांना कळतं.

आणि मला आता कुणी "कशा आहात?" विचारलं, तर मी "ठीक" म्हणत नाही. आधी विचारते, "वेळ आहे का?" असेल तर बसवून घेते, आणि सांगते.