खातरजमाबाई

साखरेच्या डब्यावर ठळक अक्षरांत 'साखर' लिहिलेलं असलं, तरी बाई आधी चार दाणे जिभेवर ठेवत आणि मगच चहात चमचा घालत. डबा त्यांचाच, अक्षर त्यांचंच, कपाटाची किल्लीही त्यांच्याच पर्समध्ये. तरीसुद्धा. पहिल्याच दिवशी हे पाहून मला हसू आलं. बाई म्हणाल्या, "हस गो, हस. एकदा मिठाचा चहा पी, मग बघते तुझं हसू." सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या भारतीय शाळेत, मुलींच्या विभागात, सगळे त्यांना मागून खातरजमाबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, याचीही त्यांनी खातरजमा करून घेतली होती.

बाई रायगडच्या किनाऱ्यावरच्या, मुसलमान घरातल्या. नवरा दम्मामच्या बंदरात कामाला. बारावीनंतर आपल्या मुलींना तिथे पुढे शिकायची सोय नव्हती, तेव्हा कुठल्या मुलीने भारतात जाऊन काय शिकावं आणि कुणाकडे राहून शिकावं, हे सांगणं बाईंचं काम. मी लग्न होऊन खोबरला आलेली, मानसशास्त्रात बी. ए. झालेली आणि फ्लॅटच्या भिंती मोजून कंटाळलेली. युद्धाच्या आदल्या हिवाळ्यात हेडमिस्ट्रेसनी मला बाईंच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. वर्षभर बघून बघून शिकायचं, मग मला माझं टेबल मिळणार होतं. बाईंनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उजेडाकडे धरून शिक्का तपासला. "तीन महिने तोंड उघडायचं नाही," म्हणाल्या. "पोरगी बोलेल, मी बोलेन. तू नुसती बघ आणि लिहून घे."

त्यांची रीत अशी, की एकच प्रश्न तीनदा विचारायचा, तोही तीन वेगवेगळ्या दिवशी. "पहिलं उत्तर बापाचं असतं, दुसरं मैत्रिणीचं," त्या सांगत. "तिसऱ्यांदा विचारलं की पोरगी वैतागते आणि खरं बोलते." त्या वर्षी बारावीच्या अकरा मुलींनी 'डॉक्टर' असं लिहून दिलं. बाईंनी अकराही जणींची शाळेच्या नर्सच्या खोलीत पाळी लावली. मैदानावर पडून गुडघे फोडून घेणाऱ्या पोरींना तिथे तोटा नव्हता. चार दिवसांत अकरातल्या सात डॉक्टर कमी झाल्या. एकीला तर रक्त बघून स्वतःलाच त्या खाटेवर आडवं व्हावं लागलं.

वडिलांची परीक्षा वेगळी असे. मुलींच्या विभागात पुरुषांना फाटकाच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. ते फाटकावरच्या राखणदाराच्या खोलीतून फोनवर बोलत आणि बाई वरच्या मजल्यावरून. चेहरा दिसत नाही म्हणून माणूस जास्त खोटं बोलतो, असं मला वाटे. बाईंचं म्हणणं उलट होतं. चेहरा दिसत नाही म्हणूनच आवाज नीट ऐकू येतो. एकदा एक गृहस्थ मुलीला कॉम्प्युटरची फार आवड आहे, असं घोळून घोळून सांगत होते. बाईंनी मध्येच विचारलं, "तिला आवड आहे, की तुमच्या साहेबाच्या मुलीला आहे?" कामाची वेळ झाली, असं सांगून गृहस्थांनी फोन ठेवून दिला.

आणखी एकाने बंगलोरच्या कुठल्याशा कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक पाठवलं. वर भल्यामोठ्या इमारतीचा फोटो. बाईंनी भिंग काढलं. "कॉलेज आहे तर दाराशी एवढ्या चपला कशाला गो?" झालं. बंगलोरला असलेल्या एका ओळखीच्यांना पत्र गेलं आणि दीड महिन्याने उत्तर आलं, की ही इमारत म्हणजे लग्नाचा हॉल आहे. मुलगी वाचली. तिच्या वडिलांनी मात्र आभार मानायचे सोडून बाईंचे तिथे लागेबांधे आहेत का, याची चौकशी केली. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "हा माणूस शिकला काहीतरी."

तोवर बाईंचा संशय हा आम्हां सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होता. मग ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि अख्खं गावच बाईंसारखं झालं. समुद्रकाठच्या रस्त्यावर परदेशी सैनिक दिसू लागले. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या. दुकानात दोन भारतीय बोलत उभे असले आणि तिसरा आला, की दोघंही टोमॅटो निवडायला लागत. अमक्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द करून त्याला विमानात बसवला, असं रोज कुणीतरी सांगे. त्या अमक्याचं नाव मात्र कुणालाच माहीत नसे. गॅसचे मुखवटे वाटले गेले, तेव्हा बाईंनी आपला घरी नेला, तोंडावर चढवला आणि तव्यावर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. शेजारच्या फ्लॅटमधले लोक खोकत जिन्यात आले, बाईंना साधी शिंकही आली नाही. तेव्हा कुठे मुखवटा पास झाला.

या सगळ्या खातरजमेचा खजिना म्हणजे एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही. एका मुलीला दोन पानं. वडील कुठे कामाला आहेत, त्यांची कामाची पाळी कोणती, आई कुणाला घाबरते, घरात शेवटचा शब्द कुणाचा, भारतात पाठवलं तर ती कुणाकडे राहील आणि ते घर खात्रीचं आहे का. पाळी लिहायची ती अशासाठी, की बाप कामावर असला म्हणजे आई फोनवर मोकळं बोलते. बाईंनी हे मला समजावून सांगितलं होतं आणि मला ते नीट समजलंही होतं. बाई सांगत आणि मी लिहून घेई. वर्ष संपत आलं तेव्हा अर्धी वही माझ्या अक्षरात होती.

त्या अकरा डॉक्टरांमध्ये नफीसा होती. मलमपट्टीच्या खोलीत बाकीच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असताना ही कुणी न सांगता कापूस धरून बसली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "डॉक्टर नाही बाई. नर्स." वडील रत्नागिरीकडचे, एका ठेकेदाराकडे क्रेन चालवायचे. त्यांना ही कल्पना अजिबात पसंत नव्हती. बाईंनी चार वेळा फोनवर त्यांच्याशी हुज्जत घातली. शेवटी ते म्हणाले, "कॉलेजाचं बोलावणं आलं तर पाठवतो, बाई. जबान देतो. न्हाय आलं तर तिचं लगीन लावणार, मग तुम्ही मधी पडायचं न्हाय." बाईंनी कबूल केलं. बारावी होऊन घरी बसलेल्या नफीसाला बोलावून बाईंनी मुंबईच्या एका नर्सिंग कॉलेजचा अर्ज भरून घेतला.

अर्जावर पत्ता घातला शाळेच्या पोस्ट बॉक्सचा. तिथे घरोघरी पोस्टमन येत नसे, पत्रं कंपनीच्या नाहीतर शाळेच्या बॉक्समध्ये पडत. गावचा पत्ता का नको, असं मी विचारलं. "गावी चुलते आहेत," बाई म्हणाल्या. "नर्सिंगचं पत्र दिसलं तर चुलीत घालतील. मी खात्री केलीय." पण नफीसाचा मामा चांगला होता. ती भारतात गेलीच, तर पत्र त्याच्याकडे पाठवायचं ठरलं. मामाचा पत्ता मी वहीत लिहिला.

जानेवारीच्या सुरुवातीला नफीसाच्या वडिलांनी बायकोमुलांना विमानात बसवलं. जायच्या आदल्या दिवशी नफीसा शाळेत आली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पत्र आलं की मी मामाकडे पाठवते. तू कुणाला काही विचारू नकोस, कुणाला लिहू नकोस, गवगवा होईल. तू फक्त वाट बघ."

त्याच आठवड्यात आमचे हे संध्याकाळी घरी आले आणि बूटही न काढता म्हणाले, "तुझ्या त्या बाईच्या वहीत आमच्या साइटचं काही आहे का?" हे विमानतळाच्या एका बांधकामावर इंजिनिअर होते. त्यांच्याकडच्या कुणाला तरी म्हणे पोलिसांनी चौकशीला नेलं होतं. मी म्हटलं, "अहो, मुलींची माहिती असते ती. तुमच्या साइटवरच्या तिघांच्या मुली आहेत." ते म्हणाले, "कोण कुठे कामाला, कुठल्या पाळीला, हे एक बाई लिहून ठेवते. नवरा बंदरात. बाहेरच्या माणसाने ही वही बघितली तर काय समजेल? आणि अक्षर कुणाचं आहे?"

त्यानंतर मला बाई वेगळ्याच दिसायला लागल्या. त्या स्वतः का लिहीत नाहीत, माझ्याकडूनच का लिहून घेतात? इतकी पत्रं कुणाकुणाला पाठवतात? बापांना इतकं खोदून का विचारतात? ज्या गोष्टींवर मी वर्षभर हसले होते, त्याच गोष्टी रात्रंदिवस डोक्यात फिरू लागल्या. संशय कसा घ्यायचा हे मी बाईंकडूनच शिकले होते. खात्री कशी करायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं, पण ते मला नेमकं आठवलं नाही. त्यांना समोर बसून एक प्रश्न विचारायचा होता. तेवढीही हिंमत मला झाली नाही.

बाई दुपारच्या नमाजाला गेल्या, की वही टेबलावरच असे. मी खोलीत असताना ती कपाटात कुलूपबंद करायची त्यांना गरज वाटत नसे. ती वही उचलून मी हेडमिस्ट्रेसकडे गेले. म्हटलं, "मी फक्त सांगितलं ते लिहिलंय. माझा यात काही संबंध नाही." त्यांनी चार पानं उलटली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. घाबरायला तेव्हा कुणालाच फार वेळ लागत नव्हता. तासाभरात प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याच्या पिंपात वही जळून गेली. बाईंना एवढंच सांगितलं गेलं, की तक्रार आली होती, नाव विचारू नका. बाई बराच वेळ त्या पिंपापाशी उभ्या होत्या. मी वर खिडकीत होते. चार दिवसांनी युद्ध पेटलं आणि शाळा बंद झाली.

मार्चमध्ये शाळा उघडली, तेव्हा टपालाच्या ढिगात नफीसाचं पत्र होतं. एप्रिलअखेर मुलाखत, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. पत्र वाचून बाईंचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. मामाचं गाव त्यांना आठवेना. मलाही आठवेना, मीच लिहिलं होतं तरी. वडिलांची चौकशी केली, तर त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, बदलला होता. कुणी म्हणे राबिघला गेले, कुणी म्हणे अल खर्जला. बाईंच्या नवऱ्याने बंदरावरच्या कोकणातल्या प्रत्येक माणसाला विचारलं. आठवणीने, अंदाजाने, बाईंनी किनाऱ्यावरच्या सात गावांच्या पोस्टमास्तरांना पत्रं घातली. शेवटी दुसरा इलाजच उरला नाही, तेव्हा शाळेच्या रजिस्टरात होता त्या चुलत्यांच्या पत्त्यावरही एक घातलं. कुठूनच उत्तर आलं नाही. मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी बाईंनी चहा केला नाही.

वही कुणी नेली असेल, याचा बाईंनी तपास केला. टपाल द्यायला रोज नमाजाच्याच वेळी ऑफिसातल्या अन्नम्मा खोलीत येत. बाईंनी हिशेब जुळवला आणि अन्नम्मांशी बोलणं बंद केलं. समोर आल्या तरी मान वळवू लागल्या. अन्नम्मा गरीब स्वभावाच्या, त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. टपाल दारातल्या स्टुलावर ठेवून त्या निघून जात. हे सगळं मी माझ्या नव्या टेबलाशी बसून वर्षभर पाहिलं. बाईंनी एकेका माणसावर संशय घेऊन पाहिला, राखणदारावरसुद्धा घेतला. माझ्यावर घेतला नाही. त्यांनी एकदा जरी माझ्याकडे तसं पाहिलं असतं, तर मी तिथल्या तिथे सगळं बोलून टाकलं असतं.

बाईंच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ते कायमचे भारतात निघाले. शेवटच्या दिवशी बाई खोली आवरून खाली निघाल्या, फाटकाबाहेर गाडी उभी होती. जिन्यात मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. काय सांगितलं ते आता शब्दाशब्दाने आठवत नाही, फक्त 'मी घाबरले होते' हे तीन-चारदा म्हटल्याचं आठवतं. बाईंनी कठडा धरला. मग वळून पुन्हा जिना चढल्या आणि थेट अन्नम्मांच्या टेबलापाशी गेल्या. मी दारात उभी. "अन्नम्मा, मैंने साल भर तुम पर ग़लत शक किया," बाई म्हणाल्या. "मुझे माफ़ कर दो." अन्नम्मा उभ्या राहिल्या, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, "फिर किसने किया था?" बाई म्हणाल्या, "जिसने किया, उसने बता दिया." माझ्याकडे न बघता त्या माझ्या शेजारून निघून गेल्या.

तीन वर्षांनी मला त्यांचं पोस्टकार्ड आलं. खुशाली नाही, मायना नाही. 'नफीसा सापडली,' असं लिहिलं होतं. 'गावोगाव फिरून मीच शोधली. लग्न झालं आहे, दोन मुलं आहेत. चुलत्यांकडे गेलेलं पत्र तिला मिळालंच नाही. बाई पाठवतील म्हणून वाट बघत राहिले, म्हणाली. वही गेली, इतकंच तिला सांगितलं. कुणामुळे, ते सांगितलं नाही.'

बाई आता नाहीत. त्यांच्यामागे मी पुष्कळ वर्षं हेच काम केलं, शेकडो मुलींना मार्गाला लावलं, आणि त्यांच्याच रीतीने लावलं. लोक कौतुक करतात तेव्हा मला ते पोस्टकार्ड दिसतं. त्यांनी नफीसाला जे सांगितलं नाही, ते लिहायला मला एवढी वर्षं लागली. नफीसा, तू कुठे असशील तिथे हे वाच. ते माझ्यामुळे झालं.