नकाशात नसलेला कट्टा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला तेव्हा मी सेक्रेटरी होते. नवी इमारत उभी राहिली, रंग लागला, लिफ्ट चालू झाली. राहिलं होतं महापालिकेचं भोगवटा पत्र. ते हातात आल्याशिवाय कोणी राहायला जायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यात घाई होती आमच्या निवृत्त सरांच्या बायकोला. गुडघ्यांनी संप पुकारलेला आणि भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्टशिवाय. काकू महिनोन् महिने खाली उतरल्या नव्हत्या.

पाहणीला महापालिकेचे अभियंता आले आणि इमारतीच्या बाजूला थबकले.

"हे काय?"

"कट्टा," सर अभिमानानं म्हणाले. जुन्या इमारतीत ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी कट्ट्यावर बसायची. बिल्डर नवा बांधून देईना, म्हणून सरांनी गवंडी आणून, मला पत्ता न लागू देता, तो उरकून घेतला होता.

"मंजूर नकाशात कुठंय?"

"अहो, कट्टा कधी नकाशात असतो का?"

"इमारतीभोवतीची ही जागा मोकळीच लागते. आग लागली तर बंब कुठून आणायचा? कट्ट्यावरून?" मग ते जरा निवळले. "कसब्यात एक काम बघून दुपारी परत येतो. मोकळं दिसलं तर अहवाल आजच देतो. नाहीतर पुन्हा अर्ज करा."

बिल्डरच्या माणसांना नेमकी त्या दिवशी सुट्टी. मी पहार शोधून आणली, तर सर कट्ट्यावर मांडी ठोकून बसलेले.

"आधी मला पाडा."

मी त्यांच्या घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "काकू, सर कट्टा पाडू देत नाहीत. भोगवटा पत्र अडलंय."

"अहो!" पलीकडून आवाज कडाडला. "मी इथे वर टांगलेली, आणि तुम्ही स्वतःच्या बसायची सोय बघताय? उठा आधी!"

सर उठले. नुसते उठले नाहीत, पहारही त्यांनीच घेतली. पहिल्याच घावाला कोपरा ढासळला.

"गवंड्यानं सिमेंट खाल्लंय!" सर चिडले.

"देव त्याचं भलं करो," म्हणत मी घमेलं उचललं. मग पाहणीसाठी जमलेल्या सगळ्याच सभासदांनी रांग लावून राडारोडा बाहेर काढला. कुणीतरी वडापाव आणले. इतकी हजेरी वार्षिक सभेला कधी नव्हती.

अभियंता परतले तेव्हा आम्ही त्याच जागी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दमून बसलो होतो. ते खुर्च्यांकडे बघायला लागले. सरांनी आपली खुर्ची काखोटीला मारली.

"हा आमचा नवा कट्टा. बंब दिसला की पळवतो."

या वेळी ते हसले आणि त्यांनी टेप काढली.

भोगवटा पत्र मिळालं आणि काकू राहायला आल्या. लिफ्टनं वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर निघाल्या.

"काही राहिलं का वर?" मी विचारलं.

"काही नाही गं. जाता येतंय, म्हणून जातेय."