टिटवीशेजारचा धाकू

धाकूचा जन्मात एकच फोटो निघाला, आणि तोही बिघडलेला. तो काढला आमच्या दौलतराव वकिलांनी, सन अठराशे नव्वदच्या चैत्रात, कोपरीच्या मिठागरावर. मी त्यांचा कारकून. दाव्यांचे कागद सांभाळायला ठेवलेला माणूस, पण रविवारी कॅमेऱ्याची पेटी वाहणं माझ्याच नशिबी. उन्हाचा मला पहिल्यापासून तिटकारा, त्यामुळे या लिखाणात कुठे चिडका सूर लागला तर तो त्या पेटीच्या वजनाचा समजावा.

दौलतरावांना पक्ष्यांचं वेड. मुंबईहून जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवून कोणाची चोच किती लांब ते तोंडपाठ करत. पण प्रेम करायची त्यांची रीत अशी, की आधी बंदुकीने पक्षी पाडायचा, मग तारेने फांदीला बांधून त्याचा फोटो काढायचा. जिवंत पक्षी कॅमेऱ्यासमोर बसून राहत नाही, असं ते म्हणत. आणि ते खरंच होतं.

त्या दिवशी मिठागराच्या बांधावर त्यांना टिटवी दिसली. त्यांनी बंदूक उचलली आणि कुठून तरी एक काळाकभिन्न माणूस धावत येऊन मध्ये उभा राहिला. मिठाने पायांना भेगा पडलेल्या, कमरेला फडकं. हा धाकू. मिठागरावर कामाला होता.

"वकीलसाहेब, बंदूक ठेवा. तिचे पोटाखाली चार अंडी हान."

नंतर कळलं, की पंधरवडाभर धाकूने त्या बांधावर कुणाला पाय ठेवू दिला नव्हता. मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायामाणसं लांबच्या वळणाने जात आणि त्याला शिव्या देत. टिटवी ओरडली की अपशकुन, आणि हा बाबा तिची बाळंतपणं करतोय म्हणून त्याची टिंगलही चाले. धाकू नुसता हसायचा.

"मला फोटो हवाय," दौलतराव म्हणाले. "ती बसणार आहे का माझ्यासाठी?"

"बसंल. मना आठ दिस द्या."

दौलतराव हसले. "दिले. नाही बसली तर मात्र बंदूक."

मला वाटलं, हा वेळ मारून नेतोय. पण पठ्ठ्याने काय करावं? तीन काठ्या बांधून त्यांवर मिठाची रिकामी पाटी उपडी घातली, वरून काळं फडकं टाकलं, आणि आमच्या कॅमेऱ्याचं ते सोंग टिटवीपासून लांब उभं केलं. रोज सकाळी ते तो थोडंथोडं पुढे सरकवी. पहिले दोन दिवस टिटवीने आरडून आकाश डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी ती त्याच्याकडे बघेनाशी झाली. धाकू म्हणाला, "जी वस्तू तिचे वाटंला जात नाय, तिला ती भीत नाय." इतकं साधं आम्हा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही सोंग काढून त्या जागी खरा कॅमेरा लावला. टिटवी अंड्यांवर गप्प बसून होती. दौलतरावांनी काळ्या कापडात डोकं घालून नजर जुळवली, बाहेर येऊन फोटोची काच बसवली. तेवढ्यात धाकू सावकाश चालत गेला आणि टिटवीच्या शेजारी, चार हातांवर, बांधावर उकिडवा बसला.

दौलतरावांचं पित्त खवळलं, पण ओरडण्याची सोय नव्हती. ओरडलं की टिटवी उडणार. ते हातवारे करत राहिले. धाकूला जणू काही दिसतच नव्हतं. शेवटी दात खाऊन त्यांनी भिंगावरची टोपी काढली, तीन आकडे मोजले, आणि लावली. दुसऱ्या आकड्याला धाकूने मान वळवून टिटवीकडे पाहिलं.

आम्ही लांब आल्यावर दौलतराव कडाडले, "पक्ष्याच्या फोटोत तुझं काय काम होतं रे?"

"फोटू कारला का आयुष्य कमी व्हतं, साहेब. तिचा कमी झाला त पिल्लांना कोन बगल? मी बसलू बाजूला. कमी व्हायाचा त माजा व्हवंदे."

"मूर्खा, असं काही नसतं!"

"मंग तुमचे बारक्या पोरीचा का नाय कारीत?"

दौलतराव मान खाली घालून कॅमेऱ्याची पेटी बंद करू लागले. मलाही खाली बघावं लागलं. तीन महिन्यांच्या लेकीचा फोटो काढायला त्यांच्या आईने बंदी केली होती, आणि एवढी पुस्तकं वाचणारे वकील मुकाट्याने ती पाळत होते. त्या रविवारी त्यांनी बंदूक परत नेताना माझ्याकडे दिली, आणि पुन्हा कधी मिठागरावर ती मागितली नाही.

काच धुतल्यावर टिटवी पिसापिसासकट उमटलेली होती. धाकूचा मात्र चेहरा फिसकटला होता. कान आणि खांदा तेवढे ओळखू येत. अंडी फुटली, चारही पिल्लं बांधावर धावू लागली. धाकू दरवर्षी मला विचारी, "कारकून, माजी किती वर्सा गेली असतील?" आणि स्वतःच खदखदून हसे.

सात वर्षांनी तापाने तो गेला. मला फार वाईट वाटलं, ते लपवायचं कशाला? महिन्याभराने त्याची बायको रंगूबाई कचेरीच्या पायरीशी आली. घरात त्याची एकही तसबीर नव्हती. मी दप्तरातून तो फोटो काढून दिला आणि ओशाळून म्हणालो, "बाई, चेहरा आला नाही हो. ऐन वेळी त्याने मान वळवली."

तिने फोटो उजेडात धरला. त्या पुसट चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग टिटवीवर.

"तोंड नाय आला त नाय आला," ती म्हणाली. "मी बालंतीन व्हते ना, तवा मनाबी असाच बगत बसाचा."