फळाचा ऊद

सिल्वासातल्या परफ्यूमच्या कारखान्यात माझं काम नाकाचं. कागदी पट्टीवर नव्या मालाचा थेंब टेकवायचा, हुंगायचा, आणि जुन्या नमुन्याशी जुळतो का ते सांगायचं. दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात स्वतःच्या बाहीत नाक खुपसायचं, म्हणजे नाकाला विसावा मिळतो. या कामापायी कच्चा कांदा, तंबाखू, वासाचा साबण सगळं सुटलं. बायको म्हणायची, "एवढं सोवळं तर आपल्या देवालाही नाही."

आमचा जास्त खपणारा माल म्हणजे फळाचा ऊद. आधी आलुबुखार आणि रासबेरीचा गोडवा, मागून चंदन-देवदाराचं लाकूड, आणि तळाशी ऊद, म्हणजे अगरूच्या लाकडाचा अर्क, बंद गोठ्यासारखा उबट. तो मला तोंडपाठ होता, आणि तिथंच घात झाला.

एकदा तापातून उठलो तर वास गायब. फोडणीचा नाही, डोकमर्डीतल्या आमच्या घरामागच्या गटाराचाही नाही. खुर्ची जाईल म्हणून मी कुणाला बोललो नाही. आठवडाभर पट्टी नाकाशी धरून पाठ केलेलं म्हणत राहिलो. मग एका सकाळी आमच्या साहेब, रत्नागिरीकडच्या मॅडम, यांनी स्वतः पट्टी आणून दिली.

"फळ छान उठलंय, लाकूड थोडं दबलंय," मी म्हणालो.

"अहो, कोरी पट्टी आहे ती."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्याच दिवशी माझी बदली पॅकिंगला झाली.

तीन महिन्यांनी खोकं बंद करताना पुठ्ठ्याचा वास आला. हसू नका, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तडक मॅडमकडे गेलो.

"फळाचा ऊद देते. एकदाच विचारणार," त्या म्हणाल्या आणि आतून पट्टी घेऊन आल्या.

हुंगली. लाकूड आलं, ऊद आला. बाही हुंगून पुन्हा हुंगली. फळाचा पत्ता नाही. म्हणजे नाक अर्धंच परतलं होतं. आलुबुखार जिभेवर तयार होता, नुसता उच्चारायचा अवकाश.

"लाकूड येऊन राहिलं मॅडम, ऊदपण. फळ नाही येत," असं म्हणून मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "फळ मी घातलंच नव्हतं."

मी बाहीत नाक खुपसलं. नाकाला विसावा देतोय, असं त्यांना वाटलं असेल.